हसू आलं म्हणालात, म्हणून एवढं लांब उत्तर

पोलंडच्या दहाव्या घोडदळ ब्रिगेडवर, म्हणजे घोड्यांवरून उतरून ट्रकांवर बसलेल्या त्यांच्या पहिल्या ब्रिगेडवर, मी पंधरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं. त्या लेखाखाली 'रोखठोक करवीरकर' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. पुष्कळ जण प्रतिक्रियांपर्यंत जातच नाहीत, म्हणून ती आधी जशीच्या तशी इथे चिकटवतो. सोयीपुरती काटछाट केली असं उद्या कुणी म्हणायला नको.

"लेख वाचला. ज्या सेनापतीवर एवढी शाई खर्च केलीत त्याचं नाव तरी नीट लिहा. मॅक्झेक नाही, माचेक. घोडे काढून घेतल्यावर घोडदळ कसलं, हे कळलं नाही. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडायला हीच ब्रिगेड गेली होती, ते एका वाक्यात उरकलंत. आणि एकोणीस दिवसांत गाड्या घेऊन हंगेरीत पळालेल्या लोकांना शूरवीर म्हणता, हे वाचून हसू आलं. आमच्या वळिवड्याच्या छावणीत पोलिश बायकापोरं होती, माझ्या आजीने त्यांना डोळ्यांनी पाहिलंय. त्यांचं दुःख सोडून तुम्ही ट्रक मोजत बसलात. कधी बंदूक हातात धरली आहे का?"

करवीरकर, सर्वप्रथम आभार. आपण वेळ काढून वाचलंत.

नावाचं शंभर टक्के मान्य. पोलिशमध्ये सी आणि झेड शेजारी आले की 'च' होतो, हे मला माहीत असायला हवं होतं. इंग्रजी पुस्तकांवर पोसलं की जीभ अशी वळते. स्तानिस्वाव माचेक. लेखात तिन्ही ठिकाणी दुरुस्ती केली आहे. त्याच बैठकीत 'लॅन्कट'चं 'वान्त्सुत'ही केलं. ती चूक आपल्याही नजरेतून सुटली होती, पण असो. चूक ती चूक, आणि ती दाखवल्याबद्दल मी ऋणी आहे.

आता हसू.

मी इथे नऊ वर्षं लिहितो आहे. पानिपतावर लिहिलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या वाचकांनी मला सोलून काढलं होतं. एकाने तर माझ्या आडनावावरून मी कुठल्या सरदाराची बाजू घेणार हे आधीच ठरवून टाकलं होतं. तेही मी खिलाडूपणे घेतलं. पण हसू आल्याचं तेव्हाही कुणी लिहिलं नव्हतं. मतभेद असावा, कडक असावा, पुराव्यानिशी असावा. हजारो माणसं ज्यात भाजून निघाली त्या गोष्टीवर आपल्याला हसू येतं, आणि ते आल्याचं आपण टंकून कळवता, याला मी काय म्हणू? आपण माझ्यावर हसला असाल तर हरकत नाही. वाक्य मात्र त्यांच्यावर हसल्यासारखं झालं आहे. पुन्हा एकदा वाचून बघा.

तर 'पळाले'. हा एकच शब्द घेतो, कारण बाकीची प्रतिक्रिया याच खुंटीला टांगलेली आहे.

१ सप्टेंबर १९३९, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तो दिवस. ही ब्रिगेड पोलंडच्या 'क्राकुफ आर्मी'ची राखीव होती. स्लोव्हाकियाच्या बाजूने जर्मन चिलखती दल बेस्किडच्या डोंगरांतून उत्तरेकडे सरकायला लागलं. ते वेळेत वर पोचलं असतं तर पश्चिमेकडे तोंड करून लढणाऱ्या त्या अख्ख्या आर्मीची पाठ उघडी पडली असती. दरवाजा बंद करायला हाताशी जे होतं ते पाठवलं, आणि हाताशी माचेकची ब्रिगेड होती. २ तारखेला योर्दानुफजवळ विसोका नावाच्या टेकडीवर ब्रिगेडची चोवीसावी उलान (म्हणजे भालाईत घोडदळाची) रेजिमेंट बसली होती. समोर जर्मनांची दुसरी पँझर, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन.

इकडे काय होतं? मोटारींवरच्या दोन घोडदळ रेजिमेंट, थोडा तोफखाना, विकर्स रणगाड्यांची १६ची एक कंपनी, काही टँकेट, आणि बोफोर्स. आपल्याकडे बोफोर्स म्हटलं की गाडी भलत्याच रुळावर जाते, म्हणून सांगतो: ही ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ, परवाना घेऊन पोलंडमध्येच बनवलेली, चार जणांनी ढकलत नेऊन झुडपात दडवता येईल एवढी. टँकेट म्हणजे दोन माणसं, एक मशीनगन आणि भोवती पत्रा. एवढ्या सामानावर त्यांनी तो दिवस काढला. नंतर टेकडी गेली. पण डोंगरातले रस्ते अरुंद, बाजूला ओढे, आणि प्रत्येक वळणावर पुन्हा तीच झुडपातली तोफ. रणगाड्यांची डिव्हिजन बैलगाडीच्या चालीने चालायला लागली. दिवसाला काही किलोमीटर, बस. तेवढ्या वेळात क्राकुफ आर्मी पूर्वेकडे निसटली.

पुढचे दिवसही असेच. गाड्यांतून उतरायचं, रस्ता धरायचा, पूल उडवायचा, अंधार पडला की गाड्यांत बसून पुढच्या कड्यावर. विश्निच, झेशुफ, वान्त्सुत. ही गावं नुसती नकाशावरची नाहीत, करवीरकर. झेशुफला ब्रिगेडचं मुख्यालय होतं. वान्त्सुत ही दहाव्या अश्वारूढ रायफल रेजिमेंटची स्वतःची छावणी. युद्धाआधी जिथे त्यांची बायकामुलं बाजाराला जायची, त्याच रस्त्यांवर ते ९ सप्टेंबरला लढले, आणि मग तो गाव मागे टाकून निघाले. हे पळणं असेल तर मला पळण्याचा अर्थ नव्याने शिकवा.

महिन्याच्या मध्यावर ते ल्वुफच्या (आजचं युक्रेनमधलं ल्विव) उत्तरेला होते. शहराला जर्मनांच्या पहिल्या माउंटन डिव्हिजनने वेढलेलं, आणि झ्बोइस्काच्या टेकड्यांवरून ही ब्रिगेड आत घुसायचा प्रयत्न करत होती. आत घुसायचा, हे लक्षात घ्या. पळणारा माणूस वेढलेल्या शहरात शिरायला धडपडत नाही. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. वरून हुकूम आला: निघा, रुमानिया नाहीतर हंगेरी. १९ सप्टेंबरला ब्रिगेडने कार्पेथियनमधल्या खिंडीतून हंगेरीची हद्द ओलांडली. सुमारे १०० अधिकारी, २ हजारांच्या आसपास जवान, आपल्या वाहनांसकट, रांगेत. जवळजवळ अर्धी ब्रिगेड मागे पडली होती, मातीत नाहीतर इस्पितळात.

'गाड्या घेऊन' हे शब्द आपण टोमणा म्हणून लिहिलेत. माझ्या लेखी त्या प्रतिक्रियेत त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

का, ते सांगतो. आणि इथे बंदुकीच्या प्रश्नाचंही उत्तर येऊन जाईल. बंदूक मी एनसीसीत धरली, पॉइंट टू-टूची. पाचातल्या दोन गोळ्या टारगेटला लागल्या आणि एक शेजारच्या मुलाच्या टारगेटला. त्यापुढे माझं लष्करी कर्तृत्व नाही. पण मी भिंगारचा आहे, नगरच्या कॅन्टोन्मेंटच्या कुशीत वाढलेला. वडील ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, रिकव्हरी मेकॅनिक, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारे, हवालदार म्हणून निवृत्त. १९७१च्या डिसेंबरमध्ये शकरगढच्या बाजूला होते. तिथे त्यांनी काय केलं हे फारसं कधी बोलले नाहीत. उजव्या हाताची करंगळी विंचच्या दोरात गेली, ती कुणी विचारलं तर दाराच्या फटीत सापडली म्हणायचे.

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये त्यांनी मला एकदा नेलं होतं. बरोबर शेजारची दोन-तीन पोरं. आम्ही सगळे तोफांच्या नळ्यांत डोकावत होतो. वडील कुठे दिसेनात. बघतो तर प्रत्येक रणगाड्याच्या मागच्या अंगाला जाऊन ओढायच्या हुकाला हात लावून बघताहेत, अंगठ्याने त्याची कड चाचपताहेत, जसं घरी बैलाच्या शिंगाला लावायचे तसं. विचारलं तर म्हणाले, "पुढे जाताना गाडी बंद पडली तर मागचे उचलतात. मागे येताना बंद पडली तर शत्रू उचलतो." एवढंच. पुढे गोळीबिळी काही नाही. आम्हाला पोरांना तेव्हा ते फार कंटाळवाणं वाटलं होतं.

अठरा-एकोणीस दिवस मागे येत लढायचं, रोज रात्री चालायचं, पेट्रोल कुठून मिळेल याचा पत्ता नाही, डोक्यावर विमानं, रस्त्यावर निर्वासितांच्या गाड्यांची गर्दी. आणि शेवटी हद्दीवर वाहनांसकट रांगेत उभं राहायचं. ही पळणाऱ्यांची लक्षणं नाहीत. पळणारे गाड्या टाकून देतात, करवीरकर. मी हे पुस्तकात वाचून बोलत नाही. ज्याने टाकलेल्या गाड्या ओढून आणल्या त्याच्या घरात मी जेवलो आहे.

म्हणूनच मी ट्रक मोजले. मोटारींवरच्या तुकडीचा इतिहास लिहिताना ट्रक मोजायचे नाहीत तर काय मोजायचं? घोडा माळावर सोडला तर चरून घेतो, ट्रक चरत नाही. याच माणसांचं पुढे फ्रान्समध्ये काय झालं बघा. हंगेरीच्या छावण्यांमधून एकेकटे, दोघे-दोघे निसटून ते फ्रान्सला पोचले. तिथे ब्रिगेड पुन्हा उभी राहिली, या वेळी चिलखती. जून १९४० मध्ये शांपोबेरच्या भागात फ्रेंचांची माघार झाकत लढली, मग मोंबारला रात्री हल्ला केला. आणि मग पेट्रोल संपलं. भोवतीची फ्रेंच फौज विरघळून गेली होती. १८ जूनला माचेकने हुकूम दिला, उरलेली वाहनं मोडा आणि लहान लहान टोळ्यांनी दक्षिणेला निघा. चालत. सप्टेंबरमध्ये जी गाडी सोडली नाही ती जूनमध्ये स्वतःच्या हाताने मोडली. त्या रात्रीवर मला स्वतंत्र लेख लिहायचा होता. आता आपल्याला हसू येईल म्हणून लिहावासा वाटत नाही, हेही खरं सांगतो.

वळिवड्याबद्दल. इथे मला जरा स्पष्ट बोलावं लागेल. आपल्या आजीबद्दल पूर्ण आदर आहे. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं, आणि कोल्हापूरकरांनी त्यांना आपलं म्हटलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती माणसं वळिवड्याला आली कुठून, हा प्रश्न आजीला कधी विचारलात का? ती पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेली कुटुंबं होती. तिथून इराण, तिथून आपला देश. म्हणजे ज्या मुलखातून माचेकची ब्रिगेड १९ सप्टेंबरला बाहेर पडली, तोच मुलूख, तीच सत्ता.

ब्रिगेड आपल्या म्हणण्याप्रमाणे 'पळाली' नसती तर तिचं काय झालं असतं, हे कल्पनेवर सोडायची गरज नाही. ज्या ल्वुफमध्ये शिरायला ते झ्बोइस्काला रक्त सांडत होते, ते शहर २२ सप्टेंबरला सोव्हिएत फौजांच्या स्वाधीन झालं. अधिकाऱ्यांना मोकळं जाऊ देऊ असा शब्द दिला होता. त्यांना स्तारोबेल्स्कच्या छावणीत नेलं, आणि १९४०च्या वसंतात खार्किवला गोळ्या घातल्या. कातिनच्या हत्याकांडात एकूण जवळजवळ २२ हजार पोलिश कैदी मारले गेले, त्यातलंच हे. माचेक आणि त्याचे १०० अधिकारी चार दिवस थांबले असते तर त्याच खड्ड्यांत असते. आपल्या आजीने वळिवड्याला ज्या बायका पाहिल्या, त्यांतल्या काहींचे नवरे त्याच खड्ड्यांत असतील. आजीची साक्ष माझ्या बाजूने आहे. आपण ती उलटी वाचलीत.

(आणि आजीने पाहिलं हा पुरावा चालत असेल, तर वडिलांनी केलं हाही चालायला हवा. एवढी समता ठेवा.)

'घोडे नाहीत तर घोडदळ कसलं' याला खरं तर उत्तर द्यायची गरज नाही. आपली पूना हॉर्स ही रेजिमेंट १९७१च्या युद्धात बसंतरला सेंच्युरियन रणगाड्यांतून लढली. नावात हॉर्स आहे. तिथला साधा जवान आजही 'सवार' म्हणवतो, त्याच्या वर दफादार, त्याच्या वर रिसालदार. आमच्या गल्लीत दोन निवृत्त रिसालदार राहायचे, दोघांनाही घोड्यावर बसता येत नव्हतं. त्यांच्यासमोर हा प्रश्न विचारायची आपली छाती झाली नसती. पोलंडच्या या ब्रिगेडचे घोडे १९३७ पासून गेले, पण कॉलरवरच्या रेजिमेंटच्या दोनरंगी पताका तशाच राहिल्या. अंगात काळे चामडी कोट, डोक्यावर पहिल्या महायुद्धातली जर्मन घाटाची शिरस्त्राणं, म्हणून लोक तिला 'काळी ब्रिगेड' म्हणायचे. ते कोट १९३९ मध्येच मागे पडले. मग ब्रिटनमध्ये जेव्हा ही माणसं पुन्हा उभी राहिली, तेव्हा त्यांनी ब्रिटिश गणवेशाच्या डाव्या खांद्यावर एक काळी पट्टी लावून घेतली. उजवा खांदा खाकी, डावा काळा. इतरांना तो शिंप्याचा घोळ वाटला असेल. घोडा गेला, कोट गेला, देशही गेला, आणि पट्टी राहिली. यालाच मी घोडदळ म्हणतो.

आता 'शूरवीर'. मूळ लेखात मी हा शब्द वापरलेलाच नाही. शोधून बघा. 'चिवट' वापरला आहे, दोनदा. पण आपण तो माझ्या तोंडी घातलाच आहे तर आता मी तो घेतो.

फेब्रुवारी १९४२ मध्ये स्कॉटलंडमध्ये माचेकच्या हाताखाली पहिली पोलिश चिलखती डिव्हिजन उभी राहिली. चोवीसाव्या उलानांना शर्मन रणगाडे मिळाले, वान्त्सुतच्या दहाव्या रेजिमेंटला क्रॉमवेल रणगाडे. ऑगस्ट १९४४ मध्ये ते नॉर्मंडीत उतरले, कॅनेडियन आर्मीच्या हाताखाली. पहिल्याच मोठ्या हल्ल्याच्या दिवशी, ८ ऑगस्टला, मित्रपक्षाच्याच विमानांचे बॉम्ब त्यांच्यावर पडले. तरी दहा-अकरा दिवसांत ते फालेझच्या कोंडीच्या, म्हणजे जर्मन फौज जिथे घेरली जात होती तिच्या, तोंडाशी पोचले. माँ ऑर्मेलचा डोंगर, नकाशावर उंची २६२. त्याच्या समोच्च रेषा माचेकला गदेसारख्या दिसल्या, म्हणून त्याने त्याला 'माचुगा' म्हटलं, म्हणजे गदाच. सुमारे दीड हजार माणसं आणि ८०च्या आसपास रणगाडे त्या डोंगरावर अडकले. आतून बाहेर पडू पाहणारे जर्मन एका बाजूला, त्यांना सोडवायला बाहेरून धडकणारे एसएस पँझर दुसऱ्या बाजूला. दारूगोळा संपत आलेला, जखमी उघड्यावर, कैदी सांभाळायला माणूस नाही. २१ तारखेला दुपारी कॅनेडियन पोचले तोपर्यंत त्यांनी डोंगर सोडला नव्हता.

आणि त्या कोंडीतून फुटून निघायला धडपडणाऱ्या जर्मन डिव्हिजनांमध्ये एक कोणती होती? दुसरी पँझर. विसोकावाली. पाच वर्षांनी तेच दोघे समोरासमोर, आणि या वेळीही वाट अडवून हेच बसले होते, फक्त तेव्हा दुसरी पँझर आत घुसायला वाट शोधत होती, आता निसटायला. १९ सप्टेंबरला ज्यांनी हद्द ओलांडली त्यांच्यातले काही त्या डोंगरावर होते. ते तेव्हा 'पळाले' नसते तर तिथे कोण असतं, हे आपणच सांगा.

ऑक्टोबरच्या अखेरीला त्यांनी हॉलंडमधलं ब्रेडा सोडवलं. मे १९४५ मध्ये विल्हेल्म्सहाफेनच्या जर्मन नौदल तळाची शरणागती याच डिव्हिजनने घेतली. पुढच्या वर्षी वॉर्सोच्या नव्या सरकारने माचेकचं नागरिकत्व काढून घेतलं, आणि ब्रिटिशांनी त्याला जनरलची पेन्शन दिली नाही. एडिंबरामध्ये त्याने बारमनचं काम केलं, आपल्याच एका जुन्या सैनिकाच्या हॉटेलात. जुने सैनिक यायचे, काउंटरपाशी ताठ उभे राहून ऑर्डर द्यायचे, असं सांगतात. १९९४ मध्ये १०२ वर्षांचा होऊन गेला. ब्रेडाच्या पोलिश दफनभूमीत आपल्या माणसांच्या रांगेत आहे. याच्यावर हसायचं असेल तर हसा, मी अडवणार नाही.

राहिलं १९३८. एका वाक्यात उरकलं म्हणता. हो, उरकलं. लेख सप्टेंबर १९३९चा होता. म्युनिक कराराच्या पाठोपाठ पोलंडने चेकोस्लोव्हाकियाचा झाओल्झिए हा पट्टा घेतला आणि तिथे ही ब्रिगेड होती, हे मी लिहिलं आहे, लपवलेलं नाही. प्रत्येक लेखात प्रत्येक पाप धुवायला बसलो तर कुठलाच लेख संपायचा नाही. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. तारीख देत नाही.

प्रतिक्रियांचा रकाना उघडाच आहे. माचेक आता बरोबर लिहिलंय. वान्त्सुतमध्ये काही चुकत असेल तर कळवा, तेवढं मी लगेच दुरुस्त करीन.